दिल्लीच्या हिरवळीवरचा माघ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला निमित्तं कमी पडत नाहीत. नोकरी होती तोवर शिफ्ट होती. निवृत्त झाल्यावर गुडघे होते. आणि ज्या दिवशी यातलं काहीच नसायचं, त्या दिवशी 'आता उकरून कुणाचं भलं होणार' हा विचार हाताशी असायचाच. शिवाय मी काही लेखक नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर सुरुवात करून सुपरवायझर म्हणून बाहेर पडलेला माणूस. पण जे सांगायचं आहे ते ज्याला माझ्याइतकं ठाऊक होतं तो माणूस आता नाही. तेव्हा मलाच लिहिलं पाहिजे, आणि यंदा मी ते लिहिणार आहे.

जानेवारी संपत आला की टीव्हीवर दिल्लीचा तो रुंद रस्ता दिसू लागतो. दोन्ही बाजूंना हिरवळ, एका टोकाला इंडिया गेटची कमान, दुसऱ्या टोकाला धुक्यात बुडालेले घुमट. घरातली माणसं चहाचे कप घेऊन संचलन बघायला बसतात आणि मी काहीतरी पुटपुटत बाल्कनीत जातो. खाली चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी पोरं कानटोप्या घालून उभी असतात. चाकणहून भाजी घेऊन येणारा टेम्पो थांबतो, त्याच्या फळीवर रांगडा, हिवाळ्यात निघणारा कांदा नुकता येऊ लागलेला असतो, आणि त्या ओलसर, मातकट वासाबरोबर मला गावची यात्रा जवळ आल्याचं कळतं. माघी पौर्णिमेची यात्रा. एका कानाने मी दिल्लीचा बँड ऐकत असतो आणि दुसऱ्या कानाने गावातला संबळ. या दोन्हींच्या मध्ये अण्णा उभे असतात.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्यात वयाचं अंतर इतकं, की वडील गेल्यावर तेच वडील झाले. चाकणच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. अण्णांनी शेत केलं आणि मला टेक्निकल शाळेत घातलं. मी सुट्टीत नांगराला हात लावायला गेलो की म्हणायचे, "तू मशीन चालव. बैलाला तुजी भाषा न्हाई कळायची." सकाळी सायकलवरून मला हमरस्त्यापर्यंत सोडायचे. माघातल्या गारठ्यात त्यांच्या पाठीला चिकटून बसलं की घोंगडीला येणारा धुराचा वास अजून मला आठवतो. चिंचवडला नोकरी लागली, मी तिथेच घर केलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं राहिली आणि रान अण्णांच्या हातात राहिलं.

मग आमच्या शिवाराकडे कारखाने सरकू लागले. आधी नदीपलीकडची गावं गेली. रस्ते रुंद झाले, ज्या माळावर शेळ्या चरायच्या तिथे निळ्या पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. आमच्या गावाने ठरवलं, जमीन द्यायची नाही. आणि ते ठरवलं कसं, तर आमच्याकडे ठरवतात तसं. सगळे खंडोबाच्या देवळात जमले आणि प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने बेल-भंडारा उचलला. मोजणीवाल्यांना पाय ठेवू द्यायचा नाही, कुणीही आपली हद्द दाखवायची नाही. बेल-भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडला, तर आमच्याकडे माणूस जिवंतपणी मोडीत निघतो. आमच्या घरातर्फे अण्णांनी उचलला. मी त्या दिवशी फर्स्ट शिफ्टला होतो.

पुढे मी स्वतःला हेच समजावत राहिलो, की भंडारा मी उचलला नव्हता. जणू थोरल्याने उचललेला भंडारा अख्ख्या घराने उचललेला असतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

माझा मुलगा नितीन तेव्हा आयटीआय करून घरी बसला होता. रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचा आणि कुठे जायचंच नसायचं. मोजणीच्या मागे असलेला एक माणूस मला हायवेवरच्या हॉटेलात भेटला. चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, आज ना उद्या हे होणारच. जे आधी पुढे येतील त्यांच्या पोरांचं आधी बघू." मला कधी कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की, आमच्या विहिरीच्या अंगाला हद्दीचा जुना दगड कुठे आहे ते कुणीतरी दाखवावं. प्रत्येक घराने आपापला दगड मातीने बुजवून टाकला होता. एक दगड सापडला की त्याच्यावरून पुढचे सापडतात, आणि आमचा दगड शिवाराच्या कोपऱ्यावरचा होता.

एका लग्नाला सगळं गाव शेजारच्या वाडीत गेलं होतं. अण्णाही. मी सेकंड शिफ्ट आहे म्हणून गेलो नाही. भर दुपारी मोजणीवाल्यांना घेऊन मी बांधावरून चाललो, घाणेरीचं झुडूप बाजूला केलं आणि पायाच्या टाचेने माती उकरून दगड दाखवला. ते काम किती सोपं होतं! लहानपणी अण्णांनीच मला त्या दगडावर बसवून सांगितलं होतं, "ह्यो आपला दगुड. हितनं आपलं सुरू." दगड दाखवून मी कंपनीत गेलो आणि त्या दिवशीचं माझं एकही काम रिजेक्ट झालं नाही.

दगडाची जागा आमच्या घराखेरीज कुणाला माहीत नव्हती. तेव्हा दाखवणारा आमच्याच घरातला, हे गावाने लगेच ओळखलं. आणि घर म्हणजे अण्णा. मी तर शहरातला, कंपनीतला, शिवाराशी संबंध सुटलेला. देवळात बैठक बसली. कोंडिबा, अण्णांचा बालपणापासूनचा जोडीदार, त्यानेच विचारलं.

"दगुड तू दाखवला का?"

मी मागे खांबाला टेकून उभा होतो. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. रागही नव्हता त्यात. मशीन बंद पडल्यावर आपण आधी तिच्याकडे नुसतं बघतो ना, तसं. मग पुढे वळून म्हणाले, "घर माजं हाय. घरातनं जे झालं ते माजंच."

"म्हंजे दाखवला."

"म्या काय म्हनलो ते ऐकलं न्हाईस का कोंडिबा?"

मी तोंड उघडलं नाही. खांबाचा थंडगार दगड माझ्या पाठीला लागत होता, एवढंच आठवतं.

नंतर जमिनी सगळ्यांच्या गेल्या. पैसे सगळ्यांनी घेतले. ज्यांनी त्या बैठकीत अण्णांच्या अंगावर चपला भिरकावल्या त्यांनीही बंगले बांधले, दारात गाड्या उभ्या केल्या, कंपन्यांना पाण्याचे टँकर आणि बसगाड्या पुरवायचे ठेके घेतले. मोजणी तशीही झाली असती असं मी अजून कधी कधी म्हणतो, आणि ती झालीही असती. पण भंडारा उचलून खोटं वागलेला माणूस म्हणून गावात एकच नाव राहिलं. आमच्या घराला 'दगडदाखवे' हे नाव पडलं. यात्रेत खंडोबाच्या मानाची काठी आमच्या घराकडे असे. आजोबा, वडील, मग अण्णा. फडफडणारं निशाण, टोकाला मोरपिसं, आणि वाऱ्यात ती उभी धरताना ताणलेल्या अण्णांच्या दंडाच्या शिरा. त्या माघात त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. काढून घेतली म्हणजे हिसकावली नाही. एक पोरगं येऊन म्हणालं, "यंदा ऱ्हाऊ द्या अण्णा, दुसरं कोन तरी धरंल." अण्णांनी काठी दिली, हात धोतराला पुसले आणि देवळापुढच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. पुढची कित्येक वर्षं ते यात्रेला तिथेच उभे राहत. घरी बसून राहत नसत. बोलावलं नाही तरी देवाला जायचं, हा त्यांचा हट्ट.

आणि नितीनला नोकरी लागली. आमच्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कारखान्यात, कंत्राटदाराकडून. त्याला ती आवडली नाही, काही काळाने सोडून तो तळेगावला दुसरीकडे लागला. आज त्याचं बरं चाललं आहे. त्याच्यासाठी मी काय केलं हे त्याला हे वाचूनच कळेल.

निवृत्त झाल्यावर एका माघात मी अण्णांना दिल्लीला नेलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, भाऊ असावा तर असा. खरं सांगायचं तर यात्रेच्या दिवशी त्यांना लिंबाखाली उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं. ते गावात नसावेत, एवढ्यासाठी मी तिकिटं काढली. अण्णांना हे कळलं असणार. त्यांनी फक्त विचारलं, "दिल्लीला काय हाय?"

"लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट. मोठं म्युझियम आहे."

"आन् देव?"

"देवही आहेत."

"मंग चल."

वहिनींनी भाकरी, ठेचा आणि फडक्यात बांधून कांदे दिले. गाडीत समोरच्या बाकावरच्या पंजाबी बाईंना अण्णांनी एक कांदा काढून दिला, बुक्कीने फोडून. त्या हसल्या आणि त्यांनी लोणचं दिलं. खिडकीबाहेर रात्र सरली तशी शेतं हिरवी होत गेली, गव्हाची, मोहरीची. मोहरीचा तो पिवळा रंग अण्णांनी कधी पाहिला नव्हता. "येवढी फुलं कशाला लावलीत ह्यांनी?" म्हणाले. तेलाचं पीक आहे म्हटल्यावर जरा ओशाळले.

दिल्लीत धुकं होतं. संचलन होऊन काही दिवस झाले होते आणि हिरवळीवरची आसनं उतरवण्याचं काम चालू होतं. लोखंडी नळ्या एकमेकींवर आपटून खणखणत होत्या. खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. जिथे माणसं बसली होती तिथलं गवत पिवळं पडून चपटं झालं होतं आणि पलीकडे मात्र ते थेट झाडांपर्यंत ओलं, हिरवं पसरलं होतं. अण्णा रस्त्याच्या कडेला थांबले. चष्मा पुसला, परत लावला. कमान बघायची सोडून ते गवतच बघत होते.

"बाळू, ही जिमीन कुनाची?"

"सरकारची."

"येवढी मोकळी? आन् कुनी कंपनी काढली न्हाई?"

बाजूने जाणारी कॉलेजची दोन मराठी पोरं खळखळून हसली. एक म्हणाला, "आजोबा, इथे कंपनी काढली तर परेड कुठे करायची?" अण्णाही हसले. "व्हय की," म्हणाले, "परेडीला जागा पायजेच. शेताला न्हाई लागत येवढी." पोरांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं आणि मी कमानीकडे बोट दाखवून तिची उंची सांगू लागलो, जी मला माहीतच नव्हती.

कमानीच्या दगडावर कोरलेली नावं अण्णांनी मान वर करून पाहिली. जुन्या लढाईत परमुलखात मेलेले शिपाई. मी सांगितलं, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. "मंग ते कुनासाठी मेले?" असं विचारून त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. टोपी काढून कमानीखाली थोडा वेळ उभे राहिले. पलीकडे दगडी छत्री होती. त्या वर्षी ती रिकामी होती. आता तिच्यात पुतळा बसला आहे, आणि त्या रस्त्याचं नावही बदललं आहे. पण तेव्हा चार खांबांवरचं ते सुबक छप्पर आणि आत काहीच नाही, हे बघून अण्णा बुचकळ्यात पडले.

"देव चोरीला गेला का काय?"

"देव नव्हता. राजाचा पुतळा होता. राज्य गेलं, मग काढला."

"आन् जागा तशीच ठेवली?"

"कुणाला बसवायचं ते ठरेना असेल."

"बरं केलं. घाईनं भलताच मानूस बसवन्यापरीस रिकामी बरी." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बोलले की सहज, ते मला अजून ठरवता येत नाही. माणसाच्या मनात चोर असला की त्याला साधं बोलणंही टोमण्यासारखं वाटतं.

झाडाखाली एक जण रताळी भाजत होता. निखाऱ्यातून काढून सोलायचा, फोडी करायचा, वर लिंबू आणि मसाला. अण्णा म्हणाले, "आज यकादशी हाय व्हय रं?"

"नाही. इथे असंच खातात."

"बिनउपासाचं रताळं?" त्यांना ते अधर्मासारखं वाटलं, पण दोन द्रोण खाल्ले. रताळीवाल्याने विचारलं, "बाबूजी, कहाँ से आए हो?"

अण्णांची हिंदी एकदम सुटली. "हम चाकण से आया. पुना के पास. कांदा मालूम? चाकण का कांदा?"

"चाकण!" तो माणूस खुशीत आला. "चाकण को कौन नहीं जानता? गाड़ियाँ बनती हैं वहाँ। मेरा साला ट्रेलर चलाता है, हर महीने जाता है।"

"गाडी बाद में बना," अण्णा बोट वर करून म्हणाले. "पहले कांदा था."

"अच्छा, अच्छा।"

"हमारा खेत में बनता है गाडी. येकदम हमारा खेत में."

"तो फिर आप तो सेठ हुए, बाबूजी!"

अण्णांना हसू आवरेना. ठसका लागला, मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. "सेठ! ऐकलंस का बाळू? तुज्या वैनीला सांगाय पायजे." मीही हसलो. मग रताळीवाल्याचे पैसे चुकते केले.

म्युझियममध्ये गर्दी कमी होती. हजारो वर्षांपूर्वीची मडकी, मणी, वजनाचे दगड. मातीची एवढीशी बैलगाडी काचेत ठेवली होती, मुलांचं खेळणं. अण्णा तिच्यापुढे वाकून बसले. आमचेही बैल गेले होते. रान गेल्यावर बैल कशाला ठेवायचे? पहारेकऱ्याने दोनदा हटकलं तरी उठले नाहीत. पुढे पाटा-वरवंटा दिसला तेव्हा म्हणाले, "तुज्या वैनीचा पाटा बी हितंच आनून ठेवू. तेवढंच तिला दिल्ली बघाय मिळंल." मग एका काचेखाली काळे पडलेले धान्याचे दाणे होते. जळके, पण दाण्याचा आकार शाबूत. मी पाटी वाचून दाखवली.

"कुनी पेरलं व्हतं?"

"ते कसं कळणार? त्या लोकांचं लिहिलेलं अजून कुणाला वाचता आलं नाही."

"म्हंजे नाव म्हाईत न्हाई."

"नाही."

"बरंय," अण्णा काचेवर बोट ठेवून म्हणाले. "नाव न्हाई तर बोल बी न्हाई. नुसतं पीक ऱ्हायलं."

त्या थंड, मोठ्या दालनात आमच्या दोघांच्या चपलांचा आवाज येत होता. मला आठवतं, मी पुढच्या दालनाकडे भराभर चालू लागलो. अण्णा मागे राहिले.

माणसाला वाटतं की वेळ गेली की अपराध पातळ होतो. माझा अनुभव उलटा आहे. कारखान्यात एखाद्या जॉबमध्ये, घडवलेल्या तुकड्यात बारीक चीर राहिली, तर पहिल्या दिवशी ती दिसत नाही. भार घेत घेत ती आतून वाढत जाते आणि एक दिवस धड दिसणारा तुकडा हातात दोन होऊन येतो. अण्णा गेले तेव्हा माझं तसं झालं. गेल्या श्रावणात झोपेतच गेले. दहाव्याला गावातली माणसं कमी आली. जी आली ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नाना, तुम्ही लई केलं भावासाठी. दिल्ली दावली." मी हात जोडत होतो. प्रत्येक वेळी हात जोडताना मला वाटायचं, आता बोलावं. आणि पुढचा माणूस समोर यायचा.

या जानेवारीत अण्णांच्या मुलाचा, सुरेशचा फोन आला. चाकणच्या बाजारात आडतीवर काम करतो तो; अण्णांना त्यांच्या घरात सगळे आबा म्हणत. मागे कांद्याचा लिलाव चालला होता, त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"नाना, यंदा काठी मागू का?"

"माग की."

"गेल्या साली नुसता हात लावाया गेलो तर म्हनले, दगडदाखव्याचा हात नगं. पोरांसमोर म्हनले. माजी पोरगी शेजारी उबी व्हती. घरी येऊन इचारती, आबांनी काय केलं व्हतं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? मला तरी कुटं म्हाईत हाय? आबा कदी बोललेच न्हाईत." मागे कुणीतरी भाव पुकारला. सुरेश थांबला आणि म्हणाला, "खरं आसंल तर ऱ्हाऊ द्या नाना. मी मागत न्हाई."

फोन ठेवला तेव्हा टीव्हीवर त्या रस्त्याच्या तयारीची बातमी चालू होती. त्या दिवशी मी बाल्कनीत गेलो नाही. बसून ती हिरवळ बघितली. आणि ठरवलं.

गेल्या रविवारी देवळात यात्रेची बैठक होती. देवळाला आता संगमरवर बसवला आहे, खांबही त्याखाली झाकले गेले. पोरं मोबाईलवर बोटं फिरवत बसली होती. मी उठून उभा राहिलो तर एक जण म्हणाला, "बोला नाना, वर्गणी डबल करताय ना?" हशा पिकला. तो संपेपर्यंत मी थांबलो.

मग म्हणालो, "हद्दीचा दगड अण्णांनी दाखवला नाही. मी दाखवला. गाव लग्नाला गेलं होतं तेव्हा. अण्णांनाही आधी ठाऊक नव्हतं. अण्णांनी उचललेला भंडारा त्यांनी मोडला नाही. मी मोडला."

 मग मागून एका तरुणाने विचारलं, "कुठला दगड, नाना?"

यासाठी मी तयार नव्हतो. सगळ्या शिव्यांची, चपलेचीही तयारी करून गेलो होतो. पण त्या पोराला खरंच माहीत नव्हतं. 'दगडदाखवे' हे त्याच्या लेखी आमचं आडनावच होतं. विहिरीच्या जागी आता कामगारांच्या गाड्या लावायचा तळ आहे, त्याला तिथे कसला दगड दिसणार?

कोंडिबाला मात्र दिसला. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याने हातातल्या आधाराच्या काठीने जमिनीवर एकदा ठोकलं.

"म्हंजे इतकी वर्सं त्यो गप ऱ्हायला?"

"व्हय." माझ्या तोंडून गावची बोली आली.

"आन् तू बी गप ऱ्हायलास?"

"व्हय."

"त्याचं कारन येगळं व्हतं, बाळू. तुजं येगळं व्हतं." कोंडिबाचा आवाज फुटला. "म्या त्याच्या तिरडीला खांदा दिला न्हाई रं."

 उपरण्याने तोंड पुसून तोच म्हणाला, "काठी सुरेशच्या हातात द्या. ह्यो ठराव. आन् बाळू, तू काठीला हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

हे मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण देवळात त्या दिवशी सगळे नव्हते. जे ठेके घेऊन पुण्याला राहायला गेले, जे सोयऱ्याधायऱ्यांकडून ऐकून आमच्या घराला नाव ठेवत राहिले, सुरेशच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न ज्यांनी या एका गोष्टीवरून मोडलं, त्या सगळ्यांनी हे वाचावं. भंडारा मोडणारा मी आहे. माझ्या घराला जे म्हणायचं ते म्हणा. अण्णांच्या घराला म्हणू नका.

बैठकीनंतर वहिनींकडे गेलो. त्या अंगणात उन्हाला बसून लसूण निवडत होत्या. सुरेशने आधीच सांगितलं होतं. मी पायरीवर बसलो आणि परत सगळं सांगितलं. त्या लसणाच्या पाकळ्या सोडवत राहिल्या.

"मला म्हाईत व्हतं, भावजी," शेवटी म्हणाल्या. "ह्यांनी त्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मग तुम्ही कधी..."

"ह्यांनी बजावलं व्हतं. त्यो आपनहून बोलंल. तवर आपुन त्याला त्वांडावर पाडायचं न्हाई." त्यांनी टरफलं फुंकरीने उडवली. "तुमी दिल्लीला नेलं तवा मला वाटलं, आता बोलनार. आले तसं म्या पैलं त्येच इचारलं. बोलला का म्हनलं."

"काय म्हणाले?"

"काय बी न्हाई. हातपाय धुतले आन् जेवाय बसले." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "गावाला सांगितलं ते बरं केलं. सुरेशचं बरं झालं. पर भावजी, ज्याला सांगाया पायजे व्हतं त्याला सांगितलं न्हाई तुमी."

वहिनींचं खरं होतं.  म्हणून दिल्लीतल्या एका संध्याकाळचं लिहितो आणि थांबतो.

दिल्लीतला आमचा शेवटचा दिवस होता. बाकी सगळं बघून झालं होतं. मी म्हटलं, बाजारात जाऊ. अण्णा म्हणाले, "नगं. परत त्या गवतात जाऊन बसू." गावात त्याच दिवशी यात्रा होती. आम्ही दोघांनीही तिचा उल्लेख केला नाही. ऊन उतरलं होतं, धुकं जमिनीलगत धरू लागलं होतं. नळ्या वाहून नेणारे मजूर जेवणाचे डबे उघडून बसले होते. कुणाची तरी लहान मुलं साबणाचे फुगे सोडत धावत होती. अण्णांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, गवतात पाय पसरले, टोपी मांडीवर ठेवली.  एक काडी तोडली, दातात धरली.

"बाळू, हितं आपल्याला वळखनारं कुनी न्हाई."

"हो."

"गावात मानसाला बोलाया भ्या वाटतं. ह्यो काय म्हनंल, त्यो काय म्हनंल. हितं कोन हाय?"

मी हुंकार भरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला अवघड होऊ नये म्हणून ते पाहत नव्हते, हे मला तेव्हाही कळलं होतं. ते समोर बघत बसले आणि वाट पाहू लागले. अख्खी दिल्ली आमच्या बाजूने वाहत होती आणि एक म्हातारा माणूस दातात गवताची काडी धरून माझ्यासाठी थांबला होता. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. जुळवून ठेवलेलं होतं, गाडीत, लॉजवर, म्युझियममध्ये, अण्णांच्या मागे चालताना.

मी म्हणालो, "थंडी वाढली अण्णा. उठा, चहा घेऊ."

 त्यांनी काडी टाकली, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठायला माझ्याकडे हात केला. "चल," म्हणाले. मी त्यांना ओढून उभं केलं. त्यांचा हात उबदार होता. चपला घालताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि चहाच्या गाडीपर्यंत त्यांनी हात काढला नाही. तेवढ्या चालण्यातसुद्धा मला बोलता आलं असतं. फार काही नव्हतं बोलायचं. अण्णा, माझं चुकलं. मला माफ करा.